हातासरशी : अडकलेली तबकडी

मैत्रिणींनो, गेल्या आठवड्यात मिक्सरच्या भांड्याच्या वायसरबद्दल लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. पण त्या गठ्ठ्यात ऐरोलीच्या एका भगिनीचं पत्र होतं आणि त्याचा मिक्सरशी काडीचाही संबंध नव्हता. त्या लिहितात, "आमच्याकडे बारा-तेरा वर्षांचा जुना लॅपटॉप आहे. चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात आणि गाडी तिथंच थांबते. सीडीचा कप्पाही उघडत नाही आणि आत एक सीडी अडकलेली आहे. घरातले सगळे म्हणतात, भंगारात दे. देऊ का?"

नका हो देऊ! निदान आठ दिवस थांबा. मी हे इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण अगदी अशाच प्रसंगातून मी नुकतीच बाहेर पडले आहे. आपल्या या सदरात गॅसची शेगडी, कुकरची शिट्टी, शिलाई मशीनचा पट्टा असं सगळं येऊन गेलं, मग लॅपटॉपनंच काय घोडं मारलंय? तोही घरातलाच डबा. फक्त झाकण थोडं नाजूक, एवढंच.

आमचा लॅपटॉप २०१२ च्या पाडव्याचा. तेव्हा ह्यांना कामासाठी लागे, म्हणून घेतला होता. पुढे ह्यांना ऑफिसातून दुसरा मिळाला आणि हा माझ्या वाट्याला आला. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. तेव्हा प्रश्नपत्रिका, मुलांच्या याद्या, स्नेहसंमेलनाची नाटुकली असं सगळं मी त्याच्यावरच टंकलेलं. मग घरात मोबाईलचं राज्य आलं आणि लॅपटॉप गेला कपाटावर, सुटकेसच्या शेजारी. आम्ही नेरूळला राहतो. खाडीची दमट हवा आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने पाहुणी म्हणून नव्हे, घरमालकीण म्हणून राहते. पापड मऊ, मीठ ओलं, कपाटातल्या चामडी पर्सला बुरशी. त्याच हवेत लॅपटॉपही पडून होता.

दिवाळीच्या साफसफाईत तो खाली आला. त्याचबरोबर एक पाकीटही सापडलं, आमच्या चिरंजीवांच्या बारशाची डीव्हीडी. बारसं २०१३ चं. त्यात माझी आई पाळणा म्हणते. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. या डीव्हीडीच्या दोन प्रती होत्या, एक आमच्याकडे आणि एक माझ्या माहेरी, चिपळूणला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. माझ्या भावाच्या घरात तळमजला पूर्ण बुडाला. फोटोंचे अल्बम, आईच्या साड्या, ती डीव्हीडी सगळं चिखलात गेलं. म्हणजे आईचा आवाज जगात आता एकाच ठिकाणी उरला होता आणि ते ठिकाण म्हणजे माझ्या हातातलं हे पाकीट.

आणि मी काय केलं? शहाण्यासारखी आधी तबकडी तपासायची, ते सोडून हौसेनं ती लॅपटॉपच्या कप्प्यात घातली. घुर्र घुर्र असा आवाज झाला, मग करकर, मग सगळं गप्प. पडदा थिजला. मी घाबरून बटण दाबून लॅपटॉप बंद केला. पुन्हा चालू केला तो काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कप्प्याचं बटण दाबलं तर कप्पा जागचा हलेना. सासूबाई जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या, "गिळली गं त्यानं."

दुसऱ्या दिवशी मी तो एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तो मुलगा काही वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्यानं एकदा चालू करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून नवीन टाकतो. सीडी ड्राइव्ह गेलाय, तो तोडून काढू, आता कोण वापरतं?" मी विचारलं, "आतली माझी कागदपत्रं?" तर म्हणाला, "ती जातील."

ती जातील! किती सहज! भगिनींनो, आजच्या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. यंत्र चालू होईल, पण तुमचं लिहिलेलं त्यावर राहणार नाही. दुकानदाराला यंत्र चालू करून द्यायचं असतं आणि तो ते चोख करतो. आत काय आहे आणि त्यातलं काय पुन्हा मिळणार नाही, हे त्याला ठाऊक नसतं. ते सांगायला आपणच हवं. दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या, "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." शिंप्याकडे ब्लाऊजचं माप देताना आपण किती सूचना करतो, मग इथंच का गप्प बसायचं? मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

मग एका दुपारी, चिरंजीव शाळेत आणि सासूबाई झोपलेल्या असताना, वही-पेन्सिल घेऊन बसले. कॉलेजातून बी.ए. होऊन बाहेर पडल्यावर मी एमएस-सीआयटी केलं होतं, ते एवढ्या वर्षांनी कामाला आलं. शिवाय आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना फोनवर दोन-तीनदा पिडलं.

पहिलं काम म्हणजे पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवली. आपण ती वाचतच नाही. इंग्रजी दिसलं की "एरर आला" म्हणून बंद करतो. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणण्यातला हा प्रकार. माझ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. एकीचा अर्थ होता, तारीख आणि वेळ लावलेली नाही. दुसरीचा अर्थ, जिथून सुरू व्हायचं ती जागा सापडत नाही. लॅपटॉपच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २०११ होती!

हे असं का होतं ते समजलं की निम्मी भीती जाते. आपण सकाळी उठल्यावर आधी दूध आलंय का, पाणी आलंय का ते पाहतो आणि मग स्वयंपाकाला लागतो. लॅपटॉपचंही तसंच असतं. विंडोज सुरू होण्याआधी त्याच्या आत एक छोटी व्यवस्था जागी होते, तिला बायोस म्हणतात. ती आधी मेमरी ठीक आहे का, कळफलक जागेवर आहे का, घड्याळ चालू आहे का ते पाहते. मग तिच्याकडे एक यादी असते, की विंडोज कुठे शोधायचं, आधी सीडीत, मग हार्ड डिस्कमध्ये, किंवा आधी हार्ड डिस्कमध्ये. हे घड्याळ आणि आपण बदललेल्या नोंदी लॅपटॉप बंद असतानाही राहाव्यात म्हणून आत एक नाण्याएवढी बॅटरी असते, मनगटी घड्याळात असते तशीच, पण मोठी. बरेच ठिकाणी ती सीआर २०३२ असते. या आकड्याचा अर्थ गमतीचा आहे : २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टची असते. लॅपटॉप वर्षानुवर्षं कपाटावर राहिला की ती संपते. मग घड्याळ मागे जातं, बायोस आपल्या नोंदी विसरते आणि कारखान्यातून आली तेव्हाची यादी पुन्हा धरून बसते.

माझ्या लॅपटॉपच्या त्या जुन्या यादीत पहिला नंबर होता सीडीचा! आता बघा कसं जुळलं. कप्प्यात तबकडी अडकलेली, तिच्यात विंडोज नाही आणि ती धड वाचताही येत नाही. बायोस बिचारी तिच्या दारातच खोळंबून राहत होती. विंडोज उडालंच नव्हतं. दुकानातल्या मुलानं पाटी पुसली असती ती एका संपलेल्या नाण्याएवढ्या बॅटरीपायी आणि दारात अडकलेल्या तबकडीपायी.

तेव्हा आधी तबकडी. लॅपटॉप पूर्ण बंद केला, वायर काढली, उलटा करून खटके सरकवून मोठी बॅटरीही काढून ठेवली. (ती फुगलेली दिसली, झाकण वर उचललं गेलं असेल, तर तिला हात लावू नका. टोचू नका, दाबू नका, कारण ती पेट घेते. मग सगळा लॅपटॉप तसाच जाणकाराकडे न्या.) आता सीडीच्या कप्प्याच्या तोंडावर नीट पाहा. बटणाच्या जवळ एक बारीक भोक दिसेल. हे भोक म्हणजे हातानं उघडायची सोय. शाळेत कागदांना लावतो ती यू-पिन सरळ करा आणि त्या भोकात सरळ रेषेत आत घाला. तिरकी नको, ठोकायची नाही. आत कुठेतरी किंचित अडेल, तिथं हळूच दाबा. टक् आवाज होऊन कप्पा अर्ध्या पेराएवढा बाहेर येतो, मग बोटानं ओढायचा.

माझा कप्पा आला खरा, पण फसत फसत. कारण लगेच दिसलं. व्हिडिओवाल्यानं तबकडीवर कागदाचं रंगीत लेबल चिकटवलं होतं, गणपती आणि आमच्या चिरंजीवांचं नाव. दमट हवेनं त्याची एक कड सुटून वर आली होती आणि तीच आत घासत होती. ती करकर त्याचीच होती. म्हणजे आमच्या नेरूळच्या हवेचंच काम! तुमच्याकडेही लग्न-मुंजीच्या सीडींवर अशी लेबलं असणारच. कडा सुटल्या असतील तर ती तबकडी यंत्रात घालूच नका. आणि लेबल ओढून काढायचा मोहही टाळा. साध्या सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, लेबलाच्या अगदी खाली असतो, लेबलाबरोबर तोच सोलून निघतो. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित, तरीही ओढाताण नकोच. मी नखं कापायच्या लहान कात्रीनं फक्त सुटलेला कागद अलगद कापला.

तबकडी उचलतानाही एक खुबी आहे. लॅपटॉपच्या कप्प्यात ती मधल्या खुंटीवर खटक्यानं घट्ट बसलेली असते. नुसती कड धरून वर ओढली तर मधल्या भोकापाशी चिरते. एका हाताच्या बोटानं मधली खुंटी दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं कड उचलायची. पटकन निघते.

कप्पा उघडा आहे तोवर आणखी एक पाहून घ्या. लॅपटॉपच्या कप्प्यात मधल्या खुंटीच्या शेजारी एक बारीक काचेचा डोळा असतो. त्यातूनच लेसर निघतो. त्याच्यावर धूळ किंवा ओलाव्याचा पडदा धरला की ड्राइव्ह आंधळा होतो आणि लोक म्हणतात "ड्राइव्ह गेला". कापूस लावलेल्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घेऊन हलकंसं पुसायचं. नेलपॉलिश काढायचं द्रव चुकूनही वापरू नका, प्लॅस्टिकचा सत्यानाश होतो. मी पुसलं, पण माझ्या ड्राइव्हला काही दिसलं नाही. तो खरंच गेला होता. असो, सगळंच काही आपल्या हातानं बरं होत नाही.

त्यानंतर ती नाण्याची बॅटरी. माझ्या लॅपटॉपला पाठीमागे एक छोटं झाकण आहे, दोन स्क्रू काढले की निघतं. आत मेमरीची पट्टी आणि शेजारीच ही बॅटरी. प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. काहींत ती वायर लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोल बसवलेली असते. तशी असेल तर दुकानातून बदलून घ्या, काम दहा-पंधरा मिनिटांचं. उघडण्यापूर्वी नायलॉनचा गाऊन बदलून सुती काहीतरी घाला आणि एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून घ्या, अंगावरची वीज निघून जाते. स्क्रू वाटीत ठेवा, कुठला कुठून निघाला त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

आणि हो, काढलेली बॅटरी टेबलावर ठेवून दार उघडायला जाऊ नका! लहान मुलं ही चकचकीत नाणी तोंडात घालतात. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू लागते. मूल रडेल, लाळ गाळेल, कधी काहीच लक्षण दिसणार नाही. शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, ओकारी काढायच्या भानगडीत पडायचं नाही.

नवी बॅटरी बसवली, सगळं जोडलं, चालू करताना एफ-२ दाबून बायोसमध्ये गेले (कुठं एफ-२, कुठं डिलीट, कुठं एफ-१०, चालू करताना पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं दिसतं). तारीख लावली, यादीत हार्ड डिस्कला पहिला नंबर दिला, बदल जतन केले. आणि काय सांगू, पाच मिनिटं घेतली खरी, पण विंडोज आलं! पडद्यावर चिरंजीवांचा दोन वर्षांचा फोटो. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. ही तारखेची गोष्ट क्षुल्लक वाटते ना? पण तारीख चुकीची असेल तर बँकेसारखी सुरक्षित पानंही उघडत नाहीत, प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही म्हणून अडवतात.

तुमच्या लॅपटॉपचं दुखणं वेगळंही असू शकतं. पंखा फिरतो, पण पडदा काळाच, किंवा नुसते बीप-बीप आवाज येतात, तर बहुतेक ती मेमरीची पट्टी सैल झालेली किंवा तिच्या सोनेरी दातांवर थर धरलेला असतो. बाजूच्या दोन चिमट्या बाहेर केल्या की पट्टी तिरकी उभी राहते. ती काढून सोनेरी कड मऊ, स्वच्छ खोडरबरानं हलकी पुसायची, चुरा झटकायचा, परत तिरकी घालून खाली दाबायची.

माझा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी चालू करताना नवीनच ओळ आली, हार्ड डिस्क लवकरच निकामी होणार, जपून ठेवायचं ते ठेवा. आणि आतून टक्... टक्... असा आवाज. हार्ड डिस्क म्हणजे आत एक चकती मिनिटाला ५४०० फेरे घेत असते आणि तिच्यावरून केसाहून कितीतरी कमी अंतरावर एक सुई तरंगत असते. टकटक सुरू झाली की सुईला जागा सापडत नाहीये असं समजायचं. इथं आपण काय करतो? "बघू पुन्हा लागतं का" म्हणून दहा वेळा चालू-बंद करतो. तेच करायचं नाही. प्रत्येक खेपेला थोडं थोडं पुसलं जातं.

मी ताबडतोब बंद केला. शनिवारी ह्यांच्याबरोबर लॅमिंग्टन रोड गाठला. कुर्ल्याला गाडी बदला, दादरला बदला आणि ग्रँट रोडला उतरा, आमच्या नेरूळहून पंढरीची वारीच ती. रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदार काही लॉर्ड लॅमिंग्टन साहेबाला सोडत नाहीत. खरं तर ती वस्तू वाशीतही मिळाली असती, पण ह्यांना तिथं फिरायला आवडतं आणि मलाही एक दिवस स्वयंपाक चुकवायचा होता. वस्तू काय, तर अडीच इंची हार्ड डिस्क ठेवायची केस, वायर लावलेली. तीन-चारशे रुपयांची असते. लॅपटॉपमधली डिस्क काढून त्या केसमध्ये घालायची आणि वायर दुसऱ्या चांगल्या संगणकाला लावायची, की ती मोठ्या पेनड्राइव्हसारखी उघडते. मग आधी काय उतरवायचं? आधी तेच, जे पुन्हा मिळणार नाही. मी क्रम कागदावर लिहूनच बसले होते : फोटो, मग आईच्या हातच्या पाककृती मी टंकल्या होत्या त्या, मग शाळेचं. सिनेमे आणि गाणी शेवटी, राहिली तर राहिली. डिस्क मधेच दोनदा रुसली. २०१४ चे काही फोटो आलेच नाहीत.

इथं मराठीत टंकणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट. पाककृतींच्या फायली आल्या, पण उघडल्यावर आत पुरणपोळीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! मला वाटलं, गेलं सगळं. पण तसं नव्हतं. तेव्हा आपण पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये टंकत असू. त्या फाँटमध्ये आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. फाँट नसला की मुखवटा गळतो. म्हणून जुन्या डिस्कवरून कागदपत्रांबरोबर विंडोजच्या आतला 'फाँट्स' नावाचा कप्पाही उतरवून घ्या. तो फाँट नव्या संगणकात घातला की मजकूर दिसतो आणि मग तो सावकाश युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. आईची कडबोळी अशी परत आली.

राहिली ती तबकडी. तिला चष्म्याच्या मऊ फडक्यानं पुसलं. गोल गोल नाही हं, आपण ताट पुसतो तसं नाही. मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो माहितीच्या रेघेबरोबरच धावतो आणि मोठा तुकडा वाचता येत नाही. आडव्या ओरखड्यावरून लेसर उडी मारून जातो. शाळेच्या ऑफिसात वायरनं लावायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह होता, तो मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी घेऊन दोन दिवसांसाठी आणला. तबकडी उघडली! आत व्हिडिओच्या चार फायली होत्या. डीव्हीडीत एक लांब चित्रण साधारण एक-एक जीबीच्या तुकड्यांत असतं. तबकडीवरून थेट बघत बसू नका, आधी सगळंच्या सगळं संगणकावर उतरवून घ्या. पहिल्या तीन आल्या. चौथी अर्ध्यावर अडली. आणि पाळणा चौथ्यातच होता.

रात्री मला झोप आली नाही. हे म्हणाले, "तुझ्या आईचा आवाज तुला आठवतोच ना?" मैत्रिणींनो, खरं सांगू का, तेच तर आठवेनासं झालं होतं. चेहरा आठवतो, हात आठवतात, हाताला येणारा कोथिंबिरीचा वास आठवतो. आवाज मात्र दरवर्षी थोडा थोडा विरतो. सासूबाई बाजूच्या खोलीतून म्हणाल्या, "पनवेलला विचार."

पनवेलला माझ्या नणंदेकडे जुना मोठा डेस्कटॉप आहे, धूळ खात पडलेला. सगळे ड्राइव्ह सारखे नसतात. एकाला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला कधी कधी येतं. पुढच्या रविवारी आम्ही सगळेच गेलो. मोठ्या ड्राइव्हनं फार वेळ लावला. नणंदेनं दोनदा चहा केला. पट्टी ९० टक्क्यांवर येऊन किती वेळ हलली नाही, मी उठून गॅलरीत गेले. मग चिरंजीव आतून ओरडले, "आई, झालं!"

चित्र मधे मधे चौकोनांनी फुटतं. पाळण्याच्या दुसऱ्या कडव्यात काही सेकंद नुसती खरखर आहे, तेवढं गेलं ते गेलंच. पण बाकी आहे. सुरुवातीला आई घसा खाकरते आणि कुणाला तरी म्हणते, "पंखा बंद करा गं जरा." ते वाक्य मला मुळीच आठवत नव्हतं. आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव, ज्यांना कशाचंच कौतुक नसतं, तेही खुर्चीच्या कडेवर बसून पाहत होते.

आता ते चित्रण तीन ठिकाणी आहे : आमच्याकडे एका पेनड्राइव्हवर, नणंदेकडे आणि चिपळूणला भावाकडे, यावेळी वरच्या मजल्यावर. तुमच्याही घरी सीडींची पेटी असेल. दिवाळीची वाट पाहू नका. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीवर रसायनाचा थर असतो, तो उन्हानं आणि ओलाव्यानं उतरत जातो. शिवाय नव्या लॅपटॉपमध्ये कप्पाच नसतो, आणि ज्यांच्या कोऱ्या तबकड्या आपण ढिगानं आणायचो, त्या नोएडाच्या मोझर बेअर कंपनीचाही २०१८ मध्ये गाशा गुंडाळण्याचा हुकूम निघाला. वाचणारी यंत्रं आहेत तोवर उरकून घ्या.

लॅपटॉपचं काय झालं? त्यात एसएसडी बसवली. ती फिरती चकती नसलेली नवी डिस्क असते, म्हणून टकटक नाही आणि वेगही दुप्पट-तिप्पट वाटतो. त्याच्यावरचं विंडोज ७ मात्र मी इंटरनेटला लावत नाही. त्याची सुरक्षेची डागडुजी १४ जानेवारी २०२० लाच थांबली, विंडोज १० चीसुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हा जुन्या यंत्रावर बँक, वीजबिल, पासवर्ड असलं काही नको. प्रश्नपत्रिका टंकायला तो झकास आहे. आणि तुमचा अगदीच गेलेला असला, तर आधी डिस्क काढून ठेवा आणि मगच तो द्या, तोही भंगारवाल्याला नव्हे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. बॅटरी तर ओल्या-सुक्या कुठल्याच डब्यात टाकायची नाही.

ऐरोलीच्या भगिनींनी आत कोणती सीडी अडकली आहे ते लिहिलेलं नाही. यू-पिननं कप्पा उघडला की जरूर कळवा. आणि ज्यांनी मिक्सरच्या वायसरबद्दल विचारलं आहे, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात. तोवर भांडं पालथं घालून वाळवा.